वृद्धाला विचारावयाचा प्रश्न

सकाळी दहाच्या सुमारास एखाद्या आरोग्य केंद्रात डोकावून पाहिले, तर काय दिसेल याची कल्पना करावी. बाकांवर दाटी झालेली आहे. त्या दाटीतून काठी टेकीत, सत्तरी उलटलेले एक गृहस्थ डॉक्टरांच्या टेबलापाशी येतात. "काय होतंय, आजोबा?" "गुडघे दुखतात हो, डॉक्टर." रक्तदाब मोजला जातो, गोळ्या लिहून दिल्या जातात, केसपेपरवर 'संधिवात' हा शब्द पडतो, आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते. या तीन मिनिटांत कोणी कर्तव्यात कसूर केली असे म्हणता येणार नाही. परंतु या आजोबांनी गेले दोन महिने संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडले आहे, हे कोणाला कळलेले नाही. रात्री उठून अंधारात मोरीचा उंबरठा ओलांडण्याची त्यांना धास्ती वाटते, म्हणून हा उपाय त्यांनी आपल्यापुरता शोधून काढला आहे. पाणी कमी, म्हणून बद्धकोष्ठ आणि उठताना चक्कर. चक्कर येते म्हणून बाहेर पडणे बंद. आणि बाहेर पडणे बंद, म्हणून पायांतील बळ रोज थोडे थोडे ओसरत चाललेले. या साखळीतील एकही कडी केसपेपरवर उतरलेली नसते.

तरुण माणसाच्या बाबतीत रोगाचे नाव समजले की बहुतेक काम होते. रोग बरा झाला की तो आपल्या उद्योगाला लागतो. वार्धक्यात हा हिशेब जुळत नाही. मधुमेह, रक्तदाब आणि संधिवात हे तिन्ही विकार असलेले दोन वृद्ध घेतले, तर त्यांपैकी एक पहाटे फिरून येऊन भाजीची पिशवी घेऊन घरी परतत असेल, आणि दुसऱ्याला अंथरुणावरून उठवून बसवावे लागत असेल. दोघांच्या केसपेपरवरील शब्द मात्र तेच. म्हणून वृद्धाच्या बाबतीत 'कोणता रोग आहे' या प्रश्नाच्या जोडीला 'त्याचा दिवस कसा जातो, कोणती कामे त्याला स्वतः करता येतात आणि कोणत्या कामांना दुसऱ्याचा हात लागतो' हा प्रश्न विचारणे अवश्य ठरते.

वैद्यकशास्त्राला हे उमगावयास बराच काळ लागला. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातील डॉक्टर मार्जरी वॉरन यांच्याकडे १९३५ साली शेजारच्या जुन्या गरीबखान्याच्या इस्पितळातील ७०० हून अधिक रुग्ण सोपविण्यात आले. त्यांत 'अंथरुणाला खिळलेले' असा शिक्का बसलेले कितीतरी वृद्ध होते. वॉरनबाईंनी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी केली. कोणाला काय करता येते आणि सरावाने काय करता येईल हे पाहून त्यांनी रुग्णांची वर्गवारी केली. त्यांतील अनेक जण पुन्हा चालू लागले, काही घरी परतले. अंथरुणाला खिळण्याचे कारण कित्येकदा रोग नसून, त्यांना कोणी उठवलेच नव्हते, हे होते.

या निरीक्षणाला मोजमापाचे रूप दिले ते अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांची प्रगती पाहताना त्यांनी सहा साधी कामे निवडली: स्नान, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणावरून उठून दुसरीकडे बसणे, मलमूत्रावर ताबा आणि घास तोंडात घालणे. १९६३ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. ही कामे रुग्ण स्वतः करतो की दुसऱ्याच्या मदतीने, एवढेच त्यात पाहावयाचे. कॅट्झ यांच्या असे ध्यानात आले की, बरे होताना माणूस ही कामे साधारणतः ज्या क्रमाने परत मिळवतो, तो क्रम लहान मूल ती शिकते त्या क्रमाशी मिळताजुळता असतो. खाणे आधी येते, स्नान सर्वांत शेवटी. आणि ऱ्हास होताना बहुधा उलट घडते. स्नान आधी सुटते, खाणे अखेरपर्यंत टिकते. यातून निघणारा व्यावहारिक बोध मोलाचा आहे. वेळ थोडा असेल आणि एकच गोष्ट विचारावयाची असेल, तर 'आंघोळ स्वतः करता ना?' हे विचारावे. घसरती वाट बहुधा मोरीपाशी सुरू होते.

तथापि ही सहा कामे म्हणजे देहाची अगदी प्राथमिक निकड होय. माणूस घर चालवतो, व्यवहार पाहतो, हे त्याहून वरच्या पायरीवरचे. फिलाडेल्फिया येथील पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी १९६९ साली अशा आठ कामांची यादी केली. टेलिफोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घराची आवराआवर, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचा हिशेब, अशी ती यादी. हाताची ताकद शाबूत असतानाही बुद्धी थकू लागली, तर आधी याच कामांत गोंधळ दिसू लागतो. मौजेची गोष्ट अशी की, स्वयंपाक, आवराआवर आणि कपडे धुणे ही तीन कामे त्या काळी पुरुषांच्या गुणांत धरीत नसत. ज्या कामाला माणसाने जन्मात हात लावला नाही, ते त्याला येत नाही म्हणून त्याला दुर्बल कसे ठरवावयाचे?

हीच अडचण आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. दिल्लीजवळ हरियाणातील बल्लभगढ भागात भारतीय आणि अमेरिकी संशोधक स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करीत होते. तेथील पुष्कळसे वृद्ध निरक्षर. आणि उतारवयात पैशाचा, चुलीचा, शेताचा कारभार मुलांसुनांच्या हाती सोपवण्याची खेड्यातील रीत. अशा आजीला 'टेलिफोन लावता येतो का, बँकेचा हिशेब ठेवता येतो का' असे विचारून काय निष्पन्न होणार? उत्तर 'नाही' असे येईल, पण त्या 'नाही'ला आजाराचा अर्थ नसेल. तेव्हा संशोधकांनी त्या खेड्यातील जीवनच प्रश्नांत आणले. जेवण झालेले विसरून पुन्हा जेवण मागतात का? गावात वाट चुकतात का? सांगितलेला निरोप पोचवतात का? होळी-दिवाळीसारखे सण ध्यानात राहतात का? घरातील लग्नकार्यासारख्या विषयात आपले मत देतात का? अशी ११ प्रश्नांची श्रेणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. हे प्रश्न वृद्धाच्या निकट राहणाऱ्या माणसाला विचारावयाचे असतात. त्यासाठी लिहितावाचता येण्याची गरज पडत नाही. मोजपट्टी ज्याला लावावयाची त्याच्या जगण्यातून ती घडवावी लागते, हा बल्लभगढचा धडा होय.

हा धडा मराठी कुटुंबांनाही लागू आहे. साताऱ्याकडील एखाद्या गावातून मुलाच्या नोकरीपायी बंगळूरला गेलेल्या आजी एकट्याने भाजी आणावयास जात नाहीत, यावरून त्यांचे पाय थकले असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. त्यांना तेथील भाषा येत नसेल, रहदारीची भीती वाटत असेल. उलट, पाश्चात्त्य यादीत जे नाही ते येथे पाहावे लागते. जमिनीवर मांडी घालून बसता येते का, आणि बसल्यावर आधाराशिवाय उठता येते का? उकिडवे बसून शौचाला जाणे जमते का? घागर वा बादली उचलवते का?

विचारण्यातही काही खाचखळगे आहेत. पहिला खळगा अभिमानाचा. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या न्यायाने पुष्कळ वृद्ध आपले परावलंबन लपवितात. ओझे म्हणून गणले जाऊ, घराबाहेर पडण्यास बंदी होईल, ही भीती त्यामागे असते. दुसरा खळगा मायेचा. सून न सांगता पाणी काढून देते, नात गोळ्या हातावर ठेवते, आणि आजोबांना काय जमेनासे झाले आहे हे त्या घरातच कोणाच्या ध्यानात येत नाही. सून आठ दिवस माहेरी गेली की मग सगळे उघडे पडते. म्हणून 'जमते का?' असे विचारण्यापेक्षा 'काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलंत?' असे विचारावे. कालच्या दिवसाची हकिकत सांगताना बहुधा सत्य आपोआप बाहेर पडते. वृद्धाला एकट्याला विचारावे, आणि मग घरच्या माणसालाही विचारावे. दोन उत्तरांत फरक आढळला, तर तो फरकही नोंदण्याजोगा असतो.

जे विचारून कळत नाही ते पाहून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत एक सोपी कसोटी दिली आहे. हात छातीशी घडी करून, खुर्चीवरून पाच वेळा उठावयाचे आणि बसावयाचे. १४ सेकंदांत हे जमले नाही, तर अधिक तपासणी करावी. त्यासाठी एक खुर्ची आणि एक घड्याळ पुरते.

नोंद करताना 'केव्हापासून?' हा प्रश्न विसरू नये. गेल्या आठवड्यापर्यंत स्वतः स्नान करणारी व्यक्ती चार दिवसांत एकाएकी अंथरुण धरते, तेव्हा 'वय झाले' असे म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. वृद्धांत फुप्फुसदाह किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग कित्येकदा तापावाचून येतो. चालणे, खाणे, भान यांत पडलेला अचानक खंड हेच त्याचे पहिले लक्षण असते. कधी नव्याने सुरू केलेली झोपेची गोळीही तोच परिणाम घडवते.

ही सर्व नोंद कशासाठी? रकाना भरला आणि वही मिटली, एवढ्यावरच काम थांबले तर न विचारलेले बरे. प्रत्येक 'नाही'मागून काहीतरी कृती यावयास हवी. मोरीत बसावयास स्टूल, भिंतीला धरावयास दांडी, वाटेवर रात्रीचा दिवा, गुडघा दुखतो त्याच्या विरुद्ध हातात काठी, मांड्यांना बळ देणारा रोजचा व्यायाम, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कानातील मळ काढणे, नको त्या गोळ्या कमी करणे. यांतील पुष्कळशा गोष्टी थोड्या खर्चात होण्याजोग्या आहेत. आणि सुनेच्या खांद्यावरील भार किती आहे, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या तपासणी-पत्रकातही वृद्धांसाठी काही प्रश्न घातलेले आहेत. उभे राहताना वा चालताना तोल जातो का, खाणे, कपडे, स्नान, शौच यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे वा घरचा पत्ता विसरतो का, असे ते प्रश्न आहेत. म्हणजे प्रश्न कागदावर आलेला आहे. तो घाईने वाचून दाखवला जातो, की उंबरठ्यावर क्षणभर बसून, उत्तराची वाट पाहून विचारला जातो, यावर त्याचे फलित अवलंबून आहे.

आरंभीच्या आजोबांना असे कोणी विचारले असते, तर मोरीच्या वाटेवर एक दिवा लागला असता, उशाशी लघवीचे भांडे ठेवले गेले असते, आणि संध्याकाळी तहान लागल्यावर त्यांनी निर्धास्तपणे पेलाभर पाणी प्यायले असते.