कळसाडी ते कळसाडी : सातपुड्याची सायकल-प्रदक्षिणा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील कळसाडी हे शेतीवर जगणारे गाव. या परिसरात ऊस, केळी, पपई आणि कापूस यांची शिवारे दूरवर पसरलेली दिसतात आणि हवा स्वच्छ असली की त्यांच्या पलीकडे, उत्तरेला, सातपुड्याची निळसर रांग उभी राहते. सपाटीवरच्या बाजारपेठांचा आणि त्या डोंगरांचा संबंध जुना आहे. डोंगरातून मोहफुले, चारोळी, आमचूर खाली येतो. खालून मीठ, तेल, कापड, भांडी वर जातात. या देवघेवीच्या वाटांनीच सायकलीवरून एक पूर्ण वर्तुळ करता येते आणि ते करण्यासारखे आहे.

मार्ग असा : कळसाडीहून शहादा, तेथून म्हसावद आणि राणीपूर मार्गे तोरणमाळ, तोरणमाळहून पश्चिमेला धडगाव, धडगावहून दक्षिणेकडे चांदसैली घाट उतरून तळोदा, आणि तळोद्याहून पूर्वेकडे शहाद्यास येऊन पुन्हा कळसाडी. सर्व मिळून अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक भरते. लांब पल्ल्याचे सराईत सायकलस्वार ‘ब्रेव्हे’ या प्रकारात दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करतात. परंतु या वर्तुळाला घाईने न्याय मिळत नाही. कुटुंबासह निघणाऱ्यांनी त्याचे तीन दिवस करावेत : पहिला मुक्काम तोरणमाळ, दुसरा धडगाव आणि तिसऱ्या दिवशी सायंकाळच्या आत घर.

पहिल्या दिवसाचा पूर्वार्ध सोपा आहे. शहाद्यापासून तोरणमाळ सुमारे पंचावन्न किलोमीटर. त्यातील आरंभीचा भाग जवळजवळ सपाट. राणीपूर मागे पडले की शेते आटपतात, साग दिसू लागतो आणि रस्ता वर पाहू लागतो. येथून पुढे तळच्या मैदानापासून तोरणमाळपर्यंत एकंदर हजार मीटरच्या आसपास चढायचे असते. शेवटच्या टप्प्यातील ‘सात पायरी’ घाटात वळणामागून वळण येते. सायकलीच्या हलक्या गिअरवर, श्वास न तोडता, एका वळणापुरताच विचार करीत गेले तर तो चढ जमतो. न जमल्यास उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. ज्या वाटेने डोक्यावर ओझे घेऊन माणसे चालली, त्या वाटेवर थोडे पायी चालणे उचितच आहे.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर वसले आहे. माथ्यावर विस्तीर्ण यशवंत तलाव आहे, गोरक्षनाथांचे मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांची गुहा आहे आणि पलीकडे सीताखाईची खोल दरी. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. हिवाळ्यातील पहाटे येथील थंडी मैदानातील माणसाला चकित करते. म्हणून उबदार कपडे विसरू नयेत.

दुसऱ्या दिवशीची वाट अक्राणीच्या डोंगरांतून धडगावकडे जाते. पावरा आणि भिल्ल बांधवांचे हे पाडे दाटीने वसलेले नाहीत. प्रत्येकाचे घर आपल्या शेतात, एकमेकांपासून अंतर राखून. घराभोवती आणि बांधावर आंब्याची झाडे. व्यापारी कुटुंबातील वाचकाने या झाडांकडे थोडे थांबून पाहावे, कारण धडगावच्या आमचुराची सुरुवात येथे होते.

चैत्र-वैशाखात कैरी भरते. घरातील सारी माणसे ती उतरवतात, सोलतात, फोडी करतात आणि उन्हात पसरतात. सारे कुटुंब कित्येक दिवस त्यात गुंतलेले असते. कैरीतील बहुतेक वजन पाण्याचे. ते उडून गेल्यावर टोपल्यांच्या जागी मूठमूठ माल उरतो. फोड पांढरी राहिली तर भाव चांगला. मध्येच वळिवाचा पाऊस आला तर ती काळवंडते आणि भाव पडतो. मग पोते भरून बाजाराला आणायचे, आणि तेथे तराजूपाशी उभे राहायचे. पेढीवर बसलेल्याला दिसते ते केवळ पोते. त्यामागील झाड, ऊन आणि चढ त्याला दिसत नाही. सायकलीवरून आलेल्याच्या पिंढऱ्यांना मात्र तो चढ कालपासून ठाऊक असतो.

होळीच्या आधी धडगावात भोंगऱ्या बाजार भरतो. त्या दिवशी ढोल आणि पावऱ्यांचे सूर यांत खरेदी-विक्री आणि उत्सव वेगळे करता येत नाहीत. डोंगरातील घर वर्षाची खरेदी करण्यास उत्साहाने उतरते. अशा ग्राहकाशी व्यवहार करताना वजन आणि हिशेब चोख असणे हे पेढीचे खरे भांडवल होय.

हे सांगण्यास कारण आहे. कर्ज, गहाण आणि हातून गेलेल्या जमिनी या प्रश्नांवर १९७०च्या दशकाच्या आरंभी याच शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींचे मोठे आंदोलन उभे राहिले. पुढे आदिवासींच्या जमिनी त्यांना परत करण्यासाठी राज्यात १९७४चा कायदा झाला. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचा हिशेब कोणी आणि कसा लिहिला, हा त्या काळाचा प्रश्न होता. तो प्रश्न वहीत नोंद करणाऱ्या प्रत्येक हाताने आजही स्वतःला विचारावा असाच आहे.

तिसऱ्या दिवशी चांदसैली घाट. चढण्यापेक्षा उतरणे येथे अधिक जोखमीचे. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासावेत. उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता थांबून-थांबून दाबावेत. वळणापूर्वीच वेग कमी करावा. समोर दऱ्या उघडतात, दूरवर मैदान दिसते. दृश्य पाहावयाचे असेल तर सायकल थांबवून, रस्त्याच्या कडेला उभे राहूनच पाहावे.

पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात. सप्टेंबर २०२१ मध्ये दरडीने रस्ता बंद झाला असता एक पती आपल्या आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन रुग्णालयाकडे निघाला. ती वाटेतच गेली. सायकलस्वाराला जी वळणे रमणीय वाटतात, त्यांच्यावर वरच्या पाड्यांचे दवाखाना, शाळा आणि बाजार अवलंबून आहेत. म्हणून या घाटात भर पावसात हौसेने जाऊ नये, आणि रस्त्याच्या दुरुस्तीची मागणी ही केवळ वरच्या लोकांची आहे असेही समजू नये. तो रस्ता बंद झाला की खालच्या पेठेचाही एक दरवाजा बंद होतो.

घाट संपला की तळोदा. याच बाजूने दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, अश्वत्थाम्याच्या अस्तंबा शिखराकडे हजारो यात्रेकरू पायी निघतात. सुमारे १३२५ मीटर उंचीचे ते शिखर. खाली पेठांत वहीपूजनाची तयारी चाललेली असते, त्याच दिवसांत वर ही पदयात्रा चालू असते. तळोद्याहून शहाद्यापर्यंत मग सपाट महामार्ग. अवजड वाहने बरीच असल्याने कडेने, एकामागे एक जावे.

प्रवासाला कार्तिकानंतरचे, माघापर्यंतचे दिवस उत्तम. चातुर्मासात प्रवास आवरता ठेवणाऱ्या घरांनाही ते सोयीचे पडतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नेम येथे आपोआप पाळला जातो, कारण अंधारात घाटात राहणे योग्य नाही. उकळून गार केलेले पाणी, खाकरे, दशम्या, भाजलेले चणे, गूळ जवळ असावे. पंक्चरचे साहित्य, जादा ट्यूब आणि हवा भरण्याचा पंप हवाच. मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळेल असे गृहीत धरू नये. वडीलधारी मंडळी सोबत असल्यास एक मोटार मागून यावी. मुक्कामाची व्यवस्था आधी करून ठेवावी, आणि वाटेतील चहा, फळे, भाजी शक्यतो पाड्यावरच्या माणसांकडून घ्यावी. भावात घासाघीस करू नये.

चौथ्या दिवशी दुकान नेहमीप्रमाणे उघडते. एखादी बाई आमचुराचे पोते काट्यावर ठेवते. ती धडगावच्या वरच्या पाड्यातून आली आहे हे समजल्यावर, गल्ल्यावर बसलेल्या मुलाने आधी तिला पाणी द्यावे आणि मग काटा तिला नीट दिसेल असा फिरवावा. एवढे घडले तर त्या वर्तुळाचे सार्थक झाले.