आधी फ्यूज, मग निळा रंग

दुकानात गाडी आली की गिऱ्हाईक आधी मोबाइल पुढं करतं. त्यात कुणाच्या तरी गाडीचा आतला फोटो असतो. पायाशी निळा उजेड, दारात जांभळा, डॅशबोर्डवर एक बारीक गुलाबी रेघ. "असंच पाहिजे." मी विचारतो, रात्रीची गाडी कोण चालवतं? हा प्रश्न लाइटवाल्यानं का विचारावा, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटतं.

नांदेडला लातूर फाट्याकडं माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आणि सासुरवाडी लातूरची. त्यामुळं एमएच-२६ आणि एमएच-२४, दोन्ही पाट्यांच्या गाड्या हाताखालून जातात. हौस दोन्हीकडं सारखीच. एके काळी ती काळी-पिवळी जीपवाल्यांची होती. देवाच्या तसबिरीभोवती लुकलुकणारी माळ आणि छताला लाल झिरोचा बल्ब. आता आडत्याचा मुलगा मागतो, पोराला नीटच्या क्लाससाठी लातुरात ठेवलेले मास्तर मागतात, हुजूर साहिबच्या यात्रेकरूंना बिदरच्या नानक झिऱ्याला नेणारे टॅक्सीवाले तर मागतातच. किया सेल्टॉस २०१९ साली गाण्याच्या ठेक्यावर पेटणारे दिवे घेऊन आली. तेव्हापासून बिनलाइटच्या मॉडेलवाल्यांना चैन नाही.

आता पट्टीचं बोलू. बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीवर दर तीन दाण्यांनंतर कात्रीची खूण असते. निळ्या किंवा पांढऱ्या एका दाण्याला साधारण तीन व्होल्ट लागतात. तीन दाणे एकापाठोपाठ जोडले की नऊ झाले, उरलेले व्होल्ट शेजारचा रेझिस्टर खातो. म्हणून खुणेवरच कापायचं. मध्येच कापलं तर ते तीन दाणे गेले. निळा दाणा बाजारात यायलाही फार वर्षं लागली. लाल एलईडी १९६२ पासून आहे, पण चांगला उजळ निळा १९९० च्या दशकात जमला. तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्याकडं त्याचा रोल टांगलेला असतो.

गाडीची बॅटरी बाराची म्हणतात, पण इंजिन चालू असताना तिथं चौदाच्या आसपास व्होल्ट असतात. स्वस्त पट्टीतून तेव्हा जवळपास दीडपट करंट जातो, दाणे तापतात आणि वर्षाच्या आत एकेक तुकडा मिणमिणायला लागतो. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना उन्हात उभ्या गाडीत काय होतं, ते स्टिअरिंगला हात लावणाऱ्याला विचारा. पट्टीमागचा डिंक तिथं टिकत नाही. पट्टी सुटून ब्रेकच्या पेडलवर लोंबते, आणि तो प्रकार गमतीचा नाही. मी प्लास्टिकची टाय नाहीतर क्लिप मारल्याशिवाय गाडी सोडत नाही.

पण पट्टी चिकटवणं हे काम नव्हेच. ते कुणीही करेल. खरं काम म्हणजे करंट कुठून घ्यायचा. रस्त्याकडेचा घाईवाला सिगरेट लायटरची नाहीतर टेपची वायर दाताने सोलतो, तिच्यावर आपली वायर पिळतो आणि काळी टेप गुंडाळतो. उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद पातळ होतो, जोड उघडा पडतो, शेजारच्या पत्र्याला टेकतो. इंजिन बंद असलं तरी बॅटरीत धूर काढण्याइतकी ताकद असते. योग्य पद्धत अशी: फ्यूजबॉक्समधला असा फ्यूज शोधायचा की जो चावी फिरवल्यावरच चालू होतो. तिथं फ्यूज टॅप बसवायचा आणि आपल्या लाइनला स्वतंत्र फ्यूज द्यायचा. दाट पट्टी, म्हणजे मीटरला साठ दाण्यांची, मीटरभर लावली तर सव्वा अँपिअरच्या आसपास घेते. चालू इंजिनावर दीड-पावणेदोन धरा. तिला तीनचा फ्यूज पुरतो, फार तर पाचचा. फ्यूज उडतो म्हणून वीसचा ठोकणारे महाभाग आहेत. मग फ्यूज उडत नाही, वायर जळते.

चावीचाच करंट का, तेही सांगतो. कायम चालू लाइनवर पट्टी जोडली आणि विसरून पेटती राहिली, तर सव्वा अँपिअरच्या हिशोबानं दिवसभरात ३० अँपिअर-अवर जातात. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची. स्टेशनवर गाडी लावून तिरुपतीला गेलेला माणूस परत येऊन धक्का मारणारे शोधतो.

आणखी एक. पिवळ्या रंगाचा कनेक्टर किंवा पिवळं वेष्टण असलेली वायर दिसली की हात मागे. ती एअरबॅगची असते. काचेशेजारच्या खांबातून पट्टी न्यावी असा हट्ट धरणारे असतात. बऱ्याच नव्या गाड्यांत पडदा एअरबॅग त्याच खांबातून नाहीतर त्याच्या वरून उघडते. तिच्या वाटेत मी वायर टाकत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता तो पहिला प्रश्न, रात्री कोण चालवतं. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं. गाळप हंगामात या रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या असतात, आणि त्यातल्या कितीतरींना मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अशी ट्रॉली दिसायची तर डोळा अंधाराला सरावलेला हवा, आणि डोळ्याला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. डॅशवरची निळी रेघ ते सगळं घालवते. अंधारात पाहणाऱ्या पेशी निळ्या-हिरव्या उजेडालाच सगळ्यात जास्त बिचकतात. वर त्या रेघेचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं, नेमकं ट्रॉली असते तिथं. म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला मी केशरी किंवा लालसर, तोही मंद, आणि फक्त सीटखाली किंवा पायाशी लावतो. दाणे थेट दिसता कामा नयेत, फक्त उजेड दिसावा. मागच्या सीटवर पांढरा घ्या. पडलेलं कर्णफूल, पोराचा बूट, पाण्याची बाटली शोधायला तोच कामाचा. निळा हवाच असेल तर वेगळं बटण देतो, गाडी उभी असताना लावा. वरातीत खुशाल लावा.

कायद्याचंही ऐका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०८ प्रमाणे गाडीनं समोर लाल आणि मागं लालखेरीज दुसरा दिवा दाखवायचा नाही. गाडीच्या आतल्या उजेडाला त्यातून सूट आहे. पण आतल्या म्हणजे आतल्याच. काचेला चिकटवलेली, जाळीतून चमकणारी, गाडीखालून रस्त्यावर रंग सांडणारी पट्टी आतली नव्हे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचाही लाल दिवा उतरला, तर आपली काय कथा! शिवाय कंपनीची मूळ वायर कापली की वॉरंटीवरून वाद ठरलेला. फ्यूज टॅपमध्ये काही कापावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

काम कुणाकडूनही करून घ्या. मात्र पैसे देण्याआधी त्याला एवढंच विचारा, "फ्यूज कुठंय, किती अँपिअरचा?" बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर पट्टी काढून घ्या आणि गाडी घरी न्या.