लांबची वाट, कमी वेळ

दोन विमानतळांमधलं अंतर हल्ली मोबाइलवर क्षणात मिळतं. त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागलं की प्रवासाचे तास हातात आले, असं आपण धरून चालतो. मुंबई–नागपूरसाठी हा हिशेब निभावून जातो. लांबच्या पल्ल्याला मात्र तो साफ चुकतो, कारण विमानाचा वेग हवेच्या हिशेबात मोजलेला असतो आणि ती हवा स्वतः कुठेतरी निघालेली असते.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचंच घ्या. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमधली सर्वांत आखूड रेषा सुमारे १२,४०० किलोमीटरची आहे. पण ती हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जाते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच! त्यामुळे एअर इंडियाचं विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ते अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास आधी संपला. भागाकार करून पाहा: जुन्या वाटेवर ताशी सरासरी साधारण ८४० किलोमीटर, नव्या वाटेवर १,०५० हून जास्त. तेवढ्यात इंजिनं काही बदलली नव्हती. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह आधी समोरून येत होता, आता तो पाठीशी आला.

यावर एक शंका हमखास निघते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे मुक्कामाचं गावच सरकत यायला नको का? तर नाही, कारण पृथ्वीसोबत तिची हवाही फिरते. ती मागे राहिली असती, तर मुंबईत उभ्या असलेल्या माणसाला ताशी दीड हजार किलोमीटरचा वारा झेलावा लागला असता. दुसरी शंका तिकिटावरच्या वेळांची. दिल्लीहून रविवारी पहाटे ४ला निघालेलं विमान साडेचौदा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला उन्हाळ्यात रविवारीच सकाळी ६ला उतरतं. कागदावर प्रवास दोन तासांचा! ही करामत मात्र वाऱ्याची नाही, निव्वळ घड्याळांची आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेची.

वाऱ्याला एवढं श्रेय देणं अतिशयोक्तीचं वाटत असेल, तर फेब्रुवारी २०२०मधलं वादळ आठवावं. तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं. त्याचा जमिनीवरचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पुढे गेला, तरी ध्वनीची भिंत काही फुटली नाही, कारण भोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं. म्हणूनच उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग कायमचे आखलेले नसतात. वाऱ्याचा अंदाज पाहून ते रोज नव्याने ठरतात.

अर्थात वाऱ्याचंही सगळं चालत नाही. २०२२मध्ये रशियाने युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. नकाशावरचं अंतर होतं तेवढंच आहे.