चित्रातील सांज आणि रात्र

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांच्या वसतिगृह चळवळीवर मी लिहावे, अशी त्यांची अपेक्षा होती. इतिहासाच्या शिक्षिकेकडून ती असणे स्वाभाविकच. परंतु त्या विषयावर मी वर्गात आणि व्याख्यानांत पुष्कळ बोलले आहे. या वेळी एका चुकीबद्दल लिहावयाचे आहे, आणि त्या चुकीच्या निमित्ताने चित्रकार संध्याकाळ व रात्र कशी रंगवतात, याबद्दल.

काही वर्षांपूर्वी आषाढ पौर्णिमेनिमित्त आपल्या शाळेत चित्रकला स्पर्धा होती. विषय होता सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाची रात्र. चित्रकलेचे सर रजेवर असल्याने देखरेख माझ्याकडे आली. सातवीतल्या एका मुलीने आकाश पाटीसारख्या निळसर करड्या रंगाने भरले होते आणि खालची जमीन व झाडे मात्र गडद केली होती. मी तिला म्हणाले, “रात्र आहे ना? मग आकाश काळे कर.” तिचे आईवडील बीडकडून ऊसतोडीला येणारे. ती हळूच म्हणाली, “बाई, काळा तर फड असतो. आभाळ नसतं काळं.” मी तिचे ऐकले नाही. तिने निमूटपणे काळ्या रंगाची ट्यूब उघडली.

ती मुलगी बरोबर होती. शहरापासून दूर, चंद्र नसलेल्या रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते. ताऱ्यांचा प्रकाश आणि वातावरणाच्या वरच्या थरांतील मंद दीप्ती त्याला पूर्ण काळे होऊ देत नाही. म्हणूनच डोंगराची कड, झाडाचा शेंडा, खोपीचे छप्पर ही आकाशावर काळी उमटतात. खोपीबाहेर अंथरुणावर पडून जिने हे वर्षानुवर्षे पाहिले, तिला ते ठाऊक होते. ट्यूबलाइटखाली वाढलेल्या मला नव्हते.

चित्रकारापुढची अडचण मुळात फार मोठी आहे. भर दुपारचा सूर्यप्रकाश पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे चार लाख पट प्रखर असतो. कागदाचा पांढरेपणा मात्र उत्तम काळ्या रंगाच्या जेमतेम वीस-तीस पट उजळ. एवढ्याशा भांडवलात ऊनही दाखवायचे आणि चांदणेही. म्हणजे प्रकाशाची नक्कल करणे अशक्यच. चित्रकार रंगवतो ते दोन उजेडांमधले नाते. कंदिलाची काच पिवळी दिसावी म्हणून तो पिवळा रंग वाढवत बसत नाही, भोवतालचा निळा दाबतो. जलरंगात तर दिव्याची ज्योत म्हणजे बहुधा न रंगवलेला कोरा कागदच असतो.

शिवाय आपला डोळाही संध्याकाळी बदलतो. दृष्टिपटलावरील शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात रंग ओळखतात, दंडाकार पेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंगांचे ज्ञान नसते. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात. या संक्रमणात एक चमत्कारिक गोष्ट घडते. दुपारी झगझगीत दिसणारे जास्वंदीचे फूल तिन्हीसांजेला काळपट होते आणि त्याचीच पाने फुलापेक्षा उजळ वाटू लागतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट नोंदवली. पण चित्रकार त्याच्याही आधीपासून रात्रीचे लाल रंग विझवत आणि निळे राखत आले होते. चांदणे निळे असते हा तसा आपल्या डोळ्यांचा समज. चंद्रावरून परतणारा प्रकाश सूर्याचाच, किंबहुना किंचित अधिक तांबूस. तरीही निळे चांदणे रंगवणारा चित्रकार खोटे बोलत नाही. तो आपल्याला जसे दिसते तसे सांगतो.

हे सारे पुस्तकातून समजले तरी पटायला मला कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात जावे लागले. सहलीला मुलांना तिथे आपण नेतो ते ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तू दाखवायला. चित्रांच्या दालनातून आपली रांग झपाट्याने पुढे सरकते. त्या दालनात आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत.

आबालाल कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते गावी परतले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला आणि १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईत राहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते, असे पुष्कळांनी लिहिले आहे. मला ते फारसे पटत नाही. त्यांना हवे होते ते रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर. हीच ठिकाणे त्यांनी वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा रंगवली. फ्रान्समध्ये क्लोद मोने याने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी निरनिराळ्या उजेडात रंगवल्या, म्हणून त्याचे नाव जगभर झाले. आबालालांची तुलना त्या चित्रकारांशी नेहमी केली जाते. तुलनेत गैर काही नाही, फक्त एक फरक लक्षात घ्यावा. युरोपात उन्हाळ्यातील संधिप्रकाश तासन्‌तास रेंगाळतो. आपल्याकडे सूर्य मावळला की वीस-बावीस मिनिटांत अक्षर दिसेनासे होते. रंकाळ्यावर बसलेल्या चित्रकाराला एवढाच अवधी. तेवढ्यात ओल्या कागदावर क्षितिजाजवळचा नारंगी आणि वरचा निळा बसवायचा, आणि पिवळा व निळा थेट एकमेकांत गेला तर मधे हिरवट गढूळपणा येतो, म्हणून दोघांमध्ये गुलाबी छटेची एक पट्टी राखायची. खरे आकाशही तसेच वागते. मावळतीचे किरण वातावरणातून लांबचा प्रवास करून येतात, वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा-नारंगी आपल्यापर्यंत पोहोचतो. पावसाळा सरताना हवा धुतलेली असते, तेव्हा हे रंग स्वच्छ असतात. गळीत हंगामात पाचट पेटवल्याच्या धुरातून तोच सूर्य तांब्याच्या मळकट ताटासारखा दिसतो. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी ही दोन्ही आकाशे पाहिलेली असतात, पण चित्रात मात्र दोन डोंगरांमधला पिवळा अर्धगोलच काढतात.

आबालालांनी संध्यामठ रंगवला आहे. रंकाळ्याच्या पाण्यातला हा दगडी मठ पाणी उतरले की वर येतो आणि भरले की बुडतो. सायंकाळी शहराच्या बाजूच्या काठावर उभे राहिले की सूर्य पाण्यापलीकडे मावळतो आणि त्याचा प्रकाश पाण्यावरून आपल्याकडे येतो. अशा वेळी पाणी आकाशापेक्षा एक पायरी गडद रंगवायचे असते, कारण समोर दूरवरच्या पाण्यात क्षितिजाजवळचे आकाश पडते, तर पायाजवळच्या पाण्यात डोक्यावरचे, अधिक गडद झालेले. हे समजल्यावर मी एके दिवशी मुद्दाम जाऊन पाहिले. खरोखरच तसे होते. तोपर्यंत निदान हजार वेळा मी त्या काठावरून गेले असेन.

१९२२ मध्ये महाराज गेल्यावर दुःखावेगात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगितली जाते. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून आख्यायिकेला मी पुरावा म्हणणार नाही. मात्र ज्या पाण्यावरचा उजेड त्यांनी कागदावर आणला, त्याच पाण्याला तो परत दिला, असे लोकांना वाटावे, यातून गावाने त्यांच्याकडे कसे पाहिले ते कळते.

रात्र दाखवण्याची दुसरी रीत कोल्हापुरातच घडली, ती चित्रपटात. बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घराणे कारागिरांचे, औपचारिक शिक्षण फारसे नाही, हात मात्र चित्रकाराचा. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटात रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला; भारतीय चित्रपटातील तो पहिला प्रयोग मानतात. तोवर चित्रीकरण उन्हातच होत असे. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो ‘सावकारी पाश’. १९२५ मध्ये तो मूकपट म्हणून आला, १९३६ मध्ये बोलपट म्हणून. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला शेतकरी गिरणी कामगार होतो, ही त्याची कथा. बोलपटातील एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात राहिले: दूरवरून दिसणारी एक उदास झोपडी, अगदी मंद उजेड आणि कुत्र्याचे रडणे. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनीही त्याची आठवण लिहून ठेवली आहे. इथे रात्र सौंदर्यासाठी आलेली नाही. त्या घरात तेल नाही, हे त्या अंधारावरून कळते. रात्रीची चित्रे पाहताना मी हल्ली आधी विचारते की यात दिवा कोणाच्या घरी आहे.

या प्रश्नाला एक सुंदर उत्तर सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या जलरंगातील चित्रात आहे. हळदणकर सावंतवाडीचे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हाती दिवा घेतलेल्या तरुणीचे त्यांचे चित्र सर्वांनी कॅलेंडरवर पाहिलेले असते, आणि बहुतेकांना ते राजा रविवर्म्याचे वाटते. ते १९४५-४६ चे असून चित्रातील तरुणी म्हणजे हळदणकरांची कन्या गीता. त्या पुढे गीताताई उपळेकर म्हणून आपल्या कोल्हापुरातच राहिल्या आणि २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून निवर्तल्या. चित्रात ज्योतीवर आडवा धरलेला हात पाहावा. प्रकाश बोटांच्या कडांतून आरपार येतो आणि तिथे बोटे तांबूस होतात. वीज गेली की मोबाइलच्या दिव्यावर हात ठेवून हे कोणालाही पाहता येईल. चेहऱ्यावर पिवळसर उजेड आणि पाठीमागे विझत गेलेला अंधार, या दोन्हींमधून दिवा ‘पेटलेला’ वाटतो.

बाहेरच्या जगातला एकच दाखला देते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने सप्टेंबर १८८८ मध्ये आर्ल गावी ऱ्होन नदीवरची तारांकित रात्र रंगवली. काठावरच्या गॅसच्या दिव्यांची नारंगी प्रतिबिंबे निळ्या पाण्यात लांबच लांब ओघळली आहेत. निळा आणि नारंगी परस्परांचे पूरक, म्हणून दोघेही उठून दिसतात. त्या आकाशात सप्तर्षी आहेत. पण देखावा नैऋत्येचा आणि सप्तर्षी असतात उत्तरेला. चित्रकाराने तारे उचलून आपल्या समोर आणले. इतिहासात असे केले तर मी गुण कापीन, चित्रात मात्र ते मान्य करावे लागते.

आणि मुळात स्पर्धेचा विषय होता महाभिनिष्क्रमण. दगडात रात्र कशी कोरणार? सांचीच्या पूर्व तोरणावर हा प्रसंग आहे. पाठीवर कोणी नसलेला घोडा, वर छत्र, आणि टापांचा आवाज होऊ नये म्हणून घोड्याचे खूर उचलून धरणारे यक्ष. बुद्धाची आकृती तिथे नाही, अंधारही नाही. शिल्पकाराने रात्रीतली शांतता कोरली, म्हणजे रात्र आली. पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रांतही रात्र अशीच खुणांनी येते. आकाशात चंद्र-तारे, हाती मशाल, पण माणसे दिवसासारखीच स्पष्ट. सावलीचा हिशेब आपल्याकडे युरोपीय शिक्षणासोबत आला.

आता आमच्या चित्रकलेच्या तासाला अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सायेना मिसळून गडद छटा करायला शिकवतात आणि काळी ट्यूब पेटीतच राहते. रंकाळ्याभोवतीच्या झगझगीत दिव्यांमुळे शहरातून तारे दिसणे कठीण झाले आहे, म्हणून दरवर्षी हिवाळ्यात एक रात्र आम्ही वसतिगृहाच्या मुलांना माळावर घेऊन जातो.

त्या मुलीचे चित्र स्पर्धेनंतर माझ्या कपाटात राहिले. काळा रंग तिने सगळीकडे दिला होता, पण राजवाड्याच्या छपरालगत बोटभर जागा सोडली. तिथला निळसर करडा अजून तसाच आहे. आमच्या या माजी विद्यार्थिनीच्या हाती हा अंक पडला, तर तिने शाळेत यावे. चित्र मी सांभाळून ठेवले आहे.