वाघाचं जंगल नेमकं कुठे संपतं?

मंडळी, आज एका साध्या हिशोबापासून सुरुवात करू. एका मोठ्या वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी साधारण ५० जनावरं लागतात, म्हणजे आठवड्याला एक. आता कळप घटू द्यायचा नसेल, तर त्यातला दहावा हिस्साच वाघाच्या वाट्याला जायला हवा. म्हणजे एका वाघामागे ५०० चितळ, सांबर, रानडुकरं अशी जनावरं लागली. वाघ मोजण्याआधी आपण गवत आणि पाणी मोजायला हवं, असं म्हणतात ते यासाठी.

हा हिशोब यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याला लावून बघू. क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. समजा, तिथे दहा मोठे वाघ राहायचे, तर ५,००० जनावरं हवीत. म्हणजे दर चौरस किलोमीटरला ३३-३४. जंगल लहान, वाढ चांगली, की जागा अपुरी पडणारच.

मग काय होतं? पिल्लं दीड-दोन वर्षांची झाली की आईपासून वेगळी होतात. मादी बहुधा आईच्या आसपासच हद्द धरते. नराला मात्र लांब जावं लागतं, कारण जुना नर त्याला टिकू देत नाही. टिपेश्वरचाच एक तरुण नर २०१९ मध्ये असा निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून आपल्याला त्याची वाट कळली. महाराष्ट्र आणि तेलंगणातून फिरत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली. तिथे त्याला खायला मिळालं, पण मादी नव्हती.

हा वाघ चालला कुठून? नाल्याकाठच्या झाडीतून, कपाशी-तुरीच्या शेतांतून, महसुली कागदावर ‘झुडपी जंगल’ म्हणून पडून असलेल्या जमिनींतून. अभयारण्याच्या नकाशात यातलं काहीच नाही. पण या वाटा तुटल्या तर प्रत्येक अभयारण्य बेट होतं, आणि बेटावर पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच जोड्या जुळतात.

रस्त्याचा प्रश्न सुटू शकतो. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले आहेत, आणि तिथून वाघ जाताना कॅमेऱ्यांत दिसले आहेत.

शेताचा प्रश्न जास्त अवघड आहे. तिथे माणूसही आहे. रानडुकरं आणि रोही पीक खातात, म्हणून कुणी कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला वाघ चिकटतो, कधी शेजारचा शेतकरीही. शिवाय वीज रात्री येते, म्हणून ओलीतही रात्रीच करावं लागतं, नेमकं जनावरांच्या वेळेला. त्या शेतकऱ्याला ‘वाघ वाचवा’ म्हणून सांगण्याआधी दिवसा वीज आणि पिकाची भरपाई वेळेवर मिळायला हवी. वाघाची वाट त्याच्या बांधावरून जाते. ती उघडी राहील की नाही, हे शेवटी तोच ठरवणार आहे.