पाहिले, पण लक्षात राहिले का?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात रात्री डोकावले, तर पुस्तकांपेक्षा मोबाइलच अधिक उघडे दिसतात. कानात इअरफोन आणि पडद्यावर दुप्पट वेगाने पळणारे फार्माकॉलॉजीचे लेक्चर. घरच्यांना हा वेळकाढूपणा वाटतो, पण तसे सरसकट म्हणता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वर्गात निसटलेले इंग्रजी वाक्य थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकता येते, हा मोठाच फायदा आहे.

अडचण वेगळीच आहे. व्हिडिओ पाहताना सारे ओळखीचे वाटते आणि ‘ओळखीचे आहे’ म्हणजेच ‘येते आहे’ असा समज होतो. ओळखणे निराळे, आठवणे निराळे. वॉर्डात धाप लागलेला रुग्ण चार पर्याय देत नाही. औषध आणि त्याची मात्रा डॉक्टरलाच आठवावी लागते.

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

यातून निघणारी युक्ती साधी आहे. पंधरा-वीस मिनिटांनी व्हिडिओ थांबवावा, मोबाइल पालथा ठेवावा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. मग चुका तपासाव्यात. तोच विषय दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने असाच आठवून पाहावा. झोपेला मात्र कात्री लावू नये. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेतच करतो.

महाविद्यालयांचाही यात वाटा आहे. मुलांना हवे आहे ते वसतिगृहात चालणारे इंटरनेट, डाउनलोड करता येणारी लेक्चर्स आणि दर आठवड्याला गुणांची धास्ती नसलेली छोटी चाचणी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चूक का झाली हे रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून समजावणारा शिक्षक. ते काम अजून कुठल्याही ॲपने शिक्षकाच्या हातून काढून घेतलेले नाही.