जीमेलमधले मेल आपोआप डिलीट होतायत? आधी फिल्टर तपासा!

बँकेचा किंवा ऑफिसचा मेल येतो आणि इनबॉक्समध्ये दिसतच नाही? बऱ्याचदा दोषी असतो आपणच कधीतरी बनवलेला फिल्टर.

🔍 डावीकडच्या मेन्यूतून थेट 'ट्रॅश' उघडा. मेल तिथे ३० दिवसच राहतात, म्हणून हवे ते आधी इनबॉक्समध्ये हलवा.

⚙️ मग कॉम्प्युटरवर सेटिंग्जमधला 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस' टॅब उघडा. मोबाइल अ‍ॅपमध्ये तो मिळत नाही. 'डिलीट इट' लिहिलेला प्रत्येक फिल्टर नीट वाचा. 'ऑफर' असा एकच शब्द दिला असेल, तर नोकरीचं ऑफर लेटरही कचऱ्यात जातं! शब्दाऐवजी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता द्या.

📤 फॉरवर्डिंग आणि पॉपच्या टॅबमध्ये 'जीमेलची प्रत डिलीट करा' असा पर्याय निवडलेला नाही ना, हेही बघा.

⚠️ तुम्ही न बनवलेला फिल्टर दिसला तर तो काढा, लगेच पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. बँकेचे इशारे लपवायला हॅकर हीच युक्ती वापरतात.

नवीन फिल्टरला 'डिलीट'ऐवजी लेबल लावा. घरातल्या ज्येष्ठांचं अकाउंटही आजच तपासून द्या!